"तीस टक्के चान्स आहे" म्हणजे नक्की काय?

गोदाकाठ | रविवार, रात्री १०:५२

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहून टाकतो. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मागच्या श्रावणात आमचे अण्णा (वय ७१, वीस वर्षांची शुगर) न्यूमोनियाने आयसीयूत होते. एकोणीस दिवस, त्यातले अकरा व्हेंटिलेटरवर. पहिल्या दिवशी सकाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, "बहात्तर तास महत्त्वाचे आहेत." दुपारी आरएमओ (वॉर्डात ड्युटीवर असलेला ज्युनिअर डॉक्टर) म्हणाला, "स्टेबल आहेत, पण क्रिटिकल." हे दोन्ही एका वेळी कसं असतं ते मला आजही कळलेलं नाही. रात्री मोठे डॉक्टर आले, आम्हाला काचेच्या केबिनमध्ये बसवलं आणि म्हणाले, "तीस टक्के चान्स आहे."

त्या तीसने घरात जो गोंधळ घातला तो विचारू नका. ह्यूस्टनचा भाऊ फोनवर विचारतोय, तीस कशावरून काढले? आत्याने तेवढंच ऐकलं आणि सिन्नरला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात सतरा माणसं उभी, सगळी शेवटचं बघायला आलेली. आईला मात्र तीस म्हणजे "बरेच आहेत की" असं वाटलं, ती डबा घेऊन बाकड्यावर बसून राहिली.

अण्णा वाचले, त्यामुळे हा तक्रारीचा धागा नाही. पण आकडा येतो कुठून? सूत्र असतं की नुसता अंदाज? आणि अण्णा वाचले म्हणजे डॉक्टर चुकले का?

तिखटजाळ | रविवार, रात्री ११:२०

सोपं आहे. पेशंट वाचला तर "आम्ही वाचवला", गेला तर "आम्ही सांगितलं होतं". शून्य आणि शंभर सोडून काहीही सांगा, खोटं ठरायची भीती नाही. आमच्या गल्लीत मटक्याचा आकडा सांगणारा एक बाबा होता. त्याला निदान आकडा नाही लागला तर मार तरी बसायचा.

चिंचवडची_सून | रविवार, रात्री ११:३४

हसू आलं, पण +१.

भूलतज्ञ_सातारा | सोमवार, सकाळी ६:४०

रात्रभर आयसीयूत होतो, आत्ता चहा घेताना धागा वाचला. तिखटजाळ, तुमचं अर्धं बरोबर आहे, म्हणून जास्त झोंबलं.

सूत्रं आहेत, चिकार आहेत. सगळ्यात वापरातलं म्हणजे अपॅचे. वॉशिंग्टनचे डॉ. विल्यम क्नाउस आणि मंडळींनी १९८१ मध्ये पहिलं रूप काढलं, १९८५ मध्ये सुटसुटीत केलेलं अपॅचे-२ आलं आणि ते आपल्याकडे अजून भरतात. आयसीयूत आल्यापासून पहिल्या चोवीस तासांतली बारा मोजमापं घ्यायची, प्रत्येकाचं सगळ्यात वाईट रीडिंग. ताप, बीपी, नाडी, श्वास, ऑक्सिजन, रक्ताचा पीएच, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारं), हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण), पांढऱ्या पेशी आणि पेशंट किती शुद्धीवर आहे ते सांगणारा ग्लासगो स्कोर. वर वयाचे गुण, अण्णांच्या वयाला ५. जुन्या आजारांचे वेगळे. बेरीज ० ते ७१. परीक्षा उलटी आहे, गुण जितके जास्त तितकं अवघड.

आता गंमत अशी की हे बनवताना मुख्य डोळा एकेका पेशंटच्या भविष्यावर नव्हता. एका आयसीयूत शंभरातले वीस दगावतात, दुसऱ्यात दहा. मग दुसरं चांगलं, की तिथे येणारे मुळातच कमी आजारी असतात? असल्या तुलनेसाठी आजाराचं वजन करायचा हा काटा. पुढे तो हळूहळू सरकत नातेवाइकांच्या केबिनमध्ये येऊन बसला.

बहात्तर तासांचं सांगतो. आणखी एक स्कोर आहे, त्याचं नाव सोफा (बसायचा नव्हे). १९९४ मध्ये पॅरिसला तज्ज्ञांच्या बैठकीत ठरला, १९९६ मध्ये छापून आला. फुप्फुस, रक्त गोठणं, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू, मूत्रपिंड अशा सहा खात्यांना प्रत्येकी ० ते ४. हा रोज काढता येतो, खरा उपयोग त्यातच. ब्रुसेल्सच्या ३५२ पेशंटांचा अभ्यास २००१ मध्ये आला. पहिल्या चार दिवसांत ज्यांचा स्कोर चढला त्यांच्यातले निम्मे किंवा जास्त गेले. ज्यांचा उतरला त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण २७ टक्क्यांच्या आत होतं, आणि सुरुवात कितीवर होती याने यात फरक पडला नाही. म्हणून "दोन-तीन दिवस बघू" याला आधार आहे. हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या बेशुद्ध पेशंटच्या मेंदूबद्दलही बहात्तर तास उलटल्याशिवाय बोलू नये असा युरोपातला नियम आहे. बाकी वेळा, कबूल करतो, बहात्तर तास ही आम्ही तुम्हाला आणि स्वतःला दिलेली मुदत असते.

"स्टेबल पण क्रिटिकल" तर अगदी सरळ आहे. बीपी टिकवायचं औषध पंपावर चालू आहे आणि कालपासून डोस वाढवावा लागलेला नाही, हे स्टेबल. पंप बंद केला तर बीपी राहणार नाही, हे क्रिटिकल. एवढं एक वाक्य जास्त बोलायला आरएमओला वेळ नसतो किंवा ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

आकडेमोड | सोमवार, दुपारी १:१५

मी डॉक्टर नाही, आकडेशास्त्राचा मास्तर.

तिखटजाळ म्हणतात तसं एका पेशंटवरून तीस टक्के खोटं पाडता येत नाही. पण शंभर पेशंटांवरून पाडता येतं. ज्या ज्या शंभर घरांना त्या डॉक्टरांनी "तीस" सांगितलं, त्यांतले साधारण तीस जण घरी जायला हवेत. साठ घरी गेले तर डॉक्टर घाबरवतात, दहाच घरी गेले तर भोळे आहेत. त्यामुळे अण्णा वाचले म्हणून डॉक्टर चुकले असं होत नाही. शंभरातल्या तीसांना वाचायचंच होतं, अण्णा त्यांच्यातले.

यात दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. समजा वर्गशिक्षकाने पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर अचूक लावले, पण प्रत्येकाला वीस गुण फुकट वाढवून दिले. नंबर बरोबर, टक्के चूक. सूत्रांचंही असंच होतं. कोण जास्त आजारी, कोण कमी, हे ती ठीक ओळखतात. पण एका देशात, एका काळात बेतलेलं सूत्र दुसरीकडे नेलं की टक्के घसरतात. १९८५चं सूत्र तेव्हाच्या अमेरिकन आयसीयूतल्या पेशंटांवर बेतलेलं आहे. आज नाशिकात त्याने दिलेले टक्के जसेच्या तसे सांगू नयेत.

तिखटजाळ | सोमवार, दुपारी २:०३

मग आता एआय आलंय ना? ते सांगेल की अचूक.

आकडेमोड | सोमवार, दुपारी ३:३०

एक जुना किस्सा ऐका. नव्वदच्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या पेशंटांवर संगणकाला शिकवत होते, कोणाला भरती करायचं आणि कोणाला घरी पाठवायचं. संगणकाने डेटातून नियम काढला, दमा असेल तर मरायचा धोका कमी! डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. झालं असं होतं की दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की त्याला थेट आयसीयूत नेत, जिवापाड जपत, म्हणून ते जास्त वाचत. संगणकाला निकाल दिसला, धावपळ दिसली नाही. त्याचं ऐकून दमेकऱ्यांना घरी पाठवलं असतं तर?

आणि ताजं हवं असेल तर, अमेरिकेत शेकडो हॉस्पिटलांत वापरात असलेलं सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडत जाणं) ओळखणारं एक सॉफ्टवेअर मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी स्वतःच्या पेशंटांवर तपासलं. २०२१ मध्ये निकाल छापला. सेप्सिस झालेल्या तिघांतले दोघे त्याच्या नजरेतून निसटले होते. वर दर शंभर भरतींपैकी अठरांत ते घंटा वाजवत होतं. अशी घंटा लोक चौथ्या दिवशी ऐकेनासे होतात.

शिकागोची_थंडी | सोमवार, रात्री ९:४४

मी इथे हॉस्पिसमध्ये (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटांची सेवा करतात तिथे) स्वयंसेवक म्हणून जाते. याच शहरातला एक अभ्यास आहे, २००० साली प्रसिद्ध झालेला. हॉस्पिसमध्ये पाठवलेल्या ४६८ पेशंटांबद्दल ३४३ डॉक्टरांना विचारलं, हे किती जगतील? अंदाज साधारण बरोबर आले फक्त २० टक्के. ६३ टक्क्यांनी जास्त आयुष्य सांगितलं. सरासरीने डॉक्टर प्रत्यक्षापेक्षा पाचपटीहून जास्त सांगत होते.

त्यातली मला चटका लावून गेलेली गोष्ट वेगळीच. डॉक्टरची आणि पेशंटची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकलेला. म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर, ज्यांच्या तोंडून आपल्याला ऐकायचं असतं, त्यांचाच जीव अडकलेला असतो.

मेव्हण्यासाठी | सोमवार, रात्री १०:३०

नवीन सदस्य आहे. मेव्हण्याचा मेल्ड स्कोर २४ आलाय. लिव्हर. किती दिवस धरायचे? प्लीज कोणीतरी सांगा.

भूलतज्ञ_सातारा | सोमवार, रात्री ११:०५

मेव्हण्यासाठी, दिवस मी सांगणार नाही आणि इथे कोणी सांगितले तर धरू नका. स्कोर कशाचा आहे तेवढं सांगतो. मूळ स्कोर बिलिरुबिन (कावीळ किती ते), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) आणि क्रिएटिनिन यांच्यावरून काढतात, ६ ते ४० मध्ये येतो, आणि तो तीन महिन्यांचा धोका सांगतो. अमेरिकेत २००२ पासून लिव्हर आधी कोणाला द्यायचं ते यावरून ठरवू लागले. तिथल्या प्रतीक्षा यादीत २० ते २९ स्कोर असलेल्या शंभरांतले साधारण वीस जण तीन महिन्यांत गेले होते. याचा अर्थ ऐंशी होते. पण त्या शंभरांत दारू सोडलेले, न सोडलेले, पोटातल्या पाण्याला जंतू लागलेले, सगळे आले. तुमच्या डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा. स्कोर मागच्या महिन्यात किती होता? ट्रान्सप्लान्टच्या सेंटरला दाखवायची वेळ झाली आहे का? दुसरा प्रश्न उद्याच विचारा.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ४:१२

मी आयसीयूत सिस्टर आहे, चौदा वर्षं. कुठल्या गावात ते राहू दे.

स्कोर फाइलला लागतो, भरतो आम्ही. पण आमचं लक्ष दुसरीकडे असतं. गुडघ्यावर निळसर जाळी उठली का. युरीनच्या पिशवीत तासाभरात किती जमलं. सक्शन करताना (नळीतून कफ ओढताना) पेशंट खोकतो का, की नुसता पडून राहतो. मोठ्या डॉक्टरांच्या आधी आम्हाला कळलेलं असतं असं पुष्कळदा होतं. आम्हाला कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी बोलायची परवानगी नाही.

पण मला डामाबद्दल लिहायचं होतं. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. सहाव्या-सातव्या दिवशी पैसे संपतात. मुलगा केबिनमधून बाहेर येतो, त्याचा चेहरा बघून कळतं. सही करतात, आम्ही नळ्या नीट करून देतो, अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत अँब्युलन्सपर्यंत जातो. गाव यायच्या आत पेशंट गेलेला असतो. आमच्या रजिस्टरला मात्र तो "डिस्चार्ज". कागदावर जिवंत. तुमच्या त्या बारा मोजमापांत पैशाचा रकाना कुठे आहे?

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ९:५०

रात्रपाळीताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी सांगितलेल्या दम्याच्या किश्शाचा हा आपल्याकडचा अवतार आहे. उद्या कोणी अशा रजिस्टरांवर संगणक शिकवला, तर तो शिकेल की पैसे संपलेल्या लोकांचा आजार बरा होतो.

दुसरी एक भीती याच जातीची. मेंदूत रक्तस्राव झालेल्याबद्दल पहिल्याच दिवशी "काही राम नाही" असं ठरलं, उपचार आवरते घेतले, पेशंट गेला, आणि आकडेवारीत भर पडली की असे पेशंट जातातच. भविष्य स्वतःच स्वतःला खरं करून घेतं. म्हणूनच अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत लिहावं लागलं की असा निर्णय भरती झाल्याच्या निदान दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत पुढे ढकला.

तिखटजाळ | मंगळवार, सकाळी १०:२२

सिस्टर, नमस्कार घ्या. माझा मटक्याचा विनोद मागे घेतो. (सगळा नाही, अर्धा.)

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायची टाळली होती.

अण्णा वाचले म्हणालो. ते पोस्टात होते, हिशोबात आयुष्यात एक पैसा चुकला नाही. आता सकाळची गोळी घेतली का ते दहा वाजता आठवत नाही. जिना चढायला दोघं लागतात. रात्री मधूनच ओरडतात, "नळी काढा." सहा महिने आम्हाला वाटत होतं, अशक्तपणा आहे, जाईल. केबिनमध्ये आम्ही रोज एकच विचारत होतो, वाचतील ना? वाचल्यावर कसे असतील हे आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

भूलतज्ञ_सातारा | मंगळवार, रात्री ११:४८

गोदाकाठ, हे आमच्याकडून राहतं. नेहमी राहतं.

याला आता नाव आहे, आयसीयूनंतरचा आजार म्हणा. अमेरिकेतल्या ८२१ पेशंटांच्या मागावर राहून एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये छापला गेला. वाचून घरी गेलेल्यांची वर्षभरानंतर स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासली, तर तिघांतल्या एकाची पातळी डोक्याला मध्यम मार बसलेल्या माणसाइतकी खाली होती. आणि यात फक्त म्हातारे नव्हते. एकदा न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, रात्री ओरडतात तेही सांगा. "वयामुळे होतं" यावर थांबू नका. फिजिओथेरपी सुरू नसेल तर आजपासून सुरू करा.

आता मूळ मुद्दा. १९८९ ते १९९४ मध्ये अमेरिकेतल्या पाच हॉस्पिटलांत ९,१०५ अतिगंभीर पेशंटांवर एक प्रचंड प्रकल्प झाला, नाव सपोर्ट. उत्तरार्धात त्यांनी डॉक्टरांच्या हातात प्रत्येक पेशंटच्या जगण्याचे टक्के दिले, वर पेशंटशी आणि घरच्यांशी बोलायला खास नर्सेस नेमल्या. सगळ्यांना वाटलं, आता अंदाज हातात आहे म्हटल्यावर उगाच व्हेंटिलेटरवर घालवलेले दिवस कमी होतील, दुखणं कमी होईल. काहीही फरक पडला नाही. शून्य. सूत्र वाईट होतं म्हणून नव्हे, टक्के बरे होते. पण मरणाच्या आठवडाभर आधीही कितीतरी पेशंटांना दोन महिने जगायची शक्यता निम्म्याच्या आसपास दिसत होती. आकडा कधी ओरडून सांगतच नाही की आता थांबा. कॅन्सरमध्ये उतार तरी दिसतो. हृदय थकलेला माणूस पायऱ्या उतरतो, मध्येच दोन चढतो, आणि शेवटची पायरी कुठली ते उतरल्यावर कळतं.

त्यामुळे मी अलीकडे टक्के सांगणं जवळपास सोडलंय. सांगतो ते असं: "चार दिवस सगळं करू. चार दिवसांनी बीपीचं औषध कमी झालं, लघवी सुटली, तर पुढे जाऊ. उलटं झालं तर परत बसून बोलू. तोवर मला एवढं सांगा, अण्णांना काय चालेल आणि काय चालणार नाही?" यावर घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. माहीतच नसतं.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ५:०२

आणि "आता काही करण्यासारखं नाही" हे वाक्य बंद करा डॉक्टरसाहेब. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअरचं (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारं) केंद्र १९९७ पासून आहे, वांद्र्याला शांती आवेदना १९८६ पासून. दुखणं, धाप, झोप, घरच्यांची रडारड, सगळ्याला करण्यासारखं असतं. आमच्याकडे लोकांना पत्ता देतात तो अगदी शेवटच्या दोन दिवसांत.

शिकागोची_थंडी | बुधवार, सकाळी ७:१६

+१००. बोस्टनला फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटांवर झालेला अभ्यास (२०१०) तर सांगतो की अशी सेवा निदानापासून मिळालेले लोक सुखात तर राहिलेच, वर जगलेही जास्त. ११.६ महिने, इतरांचे ८.९.

म्हापशेंकार | बुधवार, सकाळी ११:४०

"माहीतच नसतं" यावर कायद्याने आता वाट काढून दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८च्या निकालात लिव्हिंग विल (पुढे बोलता आलं नाही तर कुठले उपचार हवेत-नकोत ते आधीच लिहून ठेवणं) मान्य केलं, पण मॅजिस्ट्रेटची सही वगैरे भानगडी होत्या. जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, झालं. आपल्या वतीने कोणी बोलायचं त्यांची नावं घालायची. आमच्या गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं करून सुरुवात करून दिली. मी आणि बायकोने गणपतीनंतर केलं. बायकोने माझ्या वतीने बोलायला माझ्या मेव्हणीचं नाव घातलंय, मी काय समजायचं ते समजलो.

एक मात्र, माणूस शुद्धीत आणि समजून-उमजून सही करणारा हवा. अण्णांचं विसरणं किती आहे ते बघून डॉक्टरांचा दाखला जोडा.

मेव्हण्यासाठी | बुधवार, संध्याकाळी ६:२०

भूलतज्ञ सर, विचारलं. मागच्या महिन्यात १७ होता. पुढच्या मंगळवारी पुण्याला ट्रान्सप्लान्टवाल्यांना दाखवतोय.

भूलतज्ञ_सातारा | बुधवार, संध्याकाळी ७:०१

मंगळवारपर्यंत थांबू नका. उद्या फोन करून १७ वरून २४ झाला एवढंच सांगा, ते आधी बोलावतील.

गोदाकाठ | रविवार, दुपारी १२:१५

आज अण्णांना विचारलं. आठवडाभर धीर होत नव्हता. भावाला व्हिडिओवर घेतला, आई पोळ्या लाटत ऐकत होती.

मी बरंच आढेवेढे घेत म्हणालो, अण्णा, परत तशी वेळ आली तर तुम्हाला काय वाटतं, काय करावं. ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "त्या काचेच्या खोलीत तीस टक्के कोणी सांगितले होते?" आम्ही गप्प. हे त्यांना कधी कोणी सांगितलं तेच कळेना. मग म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. चार दिवस ठेवा. पाचव्या दिवशी तुझ्या आईला आत सोडा आणि ती म्हणेल तसं करा. तिला माझं कळतं. बाकीचे टक्के तुम्ही भाऊ-भाऊ वाटून घ्या."

आईने गॅस बंद केला आणि आत गेली.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ गुरुवारची मिळाली आहे. म्हापशेंकार, साक्षीदार नात्यातला चालतो का?